वेदना, व्यसन आणि चालणे



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यास वसंत व्याख्यानमालेची प्रथा घातली. तेव्हापासून महाराष्ट्रातल्या गावोगावच्या अशा व्यासपीठांवर वेदान्तापासून व्यापारापर्यंत नानाविध विषय येऊन गेले आहेत. तरीही आजच्या विषयाचे नाव फलकावर वाचून काहींच्या कपाळाला आठी पडली असेल. अफू, गर्द, नशेच्या गोळ्या हे विषय मोठ्या शहरांतले; पेणला गणपतीच्या मूर्ती घडतात, रोहे हे चिंतामणराव देशमुखांचे गाव; आमच्याकडे तसले काही नाही, असे म्हणणारे सज्जन आम्हांस नेहमी भेटतात. त्यांच्या सज्जनपणाबद्दल आम्हांस आदर आहे. पण दुखण्याला गावाची वेस माहीत नसते आणि दुखण्यावरच्या गोळीलाही ती माहीत नसते. केंद्र सरकारने दिल्लीच्या एम्स संस्थेकडून करविलेली एक देशव्यापी पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. तीत दहा ते पंचाहत्तर वर्षे वयाच्या लोकांपैकी शेकडा २.१, म्हणजे सुमारे २ कोटी २६ लक्ष माणसे अफूच्या कुळातला एखादा पदार्थ घेतात, असे आढळले. त्यांपैकी सुमारे ७७ लक्ष माणसांना उपचारांची मदत हवी आहे. ही माणसे सगळीच काही मुंबई-दिल्लीच्या पुलाखाली राहत नाहीत.

आमचा मुद्दा आम्ही आरंभीच सांगून टाकतो, म्हणजे श्रोत्यांस वाट पाहावी लागणार नाही. ज्या माणसास जुने दुखणे आहे आणि त्यातूनच वा त्याच्या जोडीने अफूवर्गीय औषधाचे व्यसन जडले आहे, त्याचे व्यसन तेवढे सोडवून भागत नाही. दुखणे मागे उरले की व्यसन परत येते. म्हणून दोहोंवर एकदम उपचार झाले पाहिजेत. त्या उपचारांत औषधाच्या जोडीला रोजचे, मोजून-मापून केलेले चालणे हे एक फार मोलाचे आणि बिनपैशाचे साधन आहे. मात्र ते एकट्या रोग्याच्या निश्चयावर सोडून चालणार नाही. त्यास गावाची साथ लागते.

प्रथम दुखण्याविषयी बोलू. आपल्या या दोन तालुक्यांतले श्रम डोळ्यांपुढे आणा. पेणच्या कारखान्यात मूर्तीचे डोळे आखणारा कारागीर तासन् तास मान वाकवून बसलेला असतो. चतुर्थी जवळ आली की रात्र आणि दिवस त्याला सारखेच. खारेपाटातला शेतकरी आषाढात गुडघाभर चिखलात कमरेत वाकून भाताची लावणी करतो. मिठागरातला मजूर उन्हात मीठ ओढतो आणि पाट्या वाहतो. धाटावच्या औद्योगिक वसाहतीत पाळीचे काम आहे, तिथे झोपेचे वेळापत्रक दर आठवड्याला बदलते. मुंबई-गोवा महामार्गावर दिवसाचे दहा-बारा तास गाडी हाकणारा चालक आहे. कंबर, मान, गुडघा यांची दुखणी या माणसांच्या घरात भाड्याने राहावयास आल्यासारखी येतात आणि पुढे मालक होऊन बसतात. “रोज मरे त्याला कोण रडे” अशी आपल्याकडे म्हण आहे. जुन्या दुखण्याच्या माणसाचे नेमके तेच होते. पहिल्या आठवड्यात शेजारी विचारपूस करतात, पहिल्या महिन्यात घरचे तेल चोळून देतात, आणि सहा महिन्यांनी सर्वांनाच वाटू लागते की हा ढोंग करीत असावा.

वैद्यकशास्त्र तीन महिन्यांपलीकडे टिकलेल्या दुखण्यास जुनाट वेदना म्हणते. ताजे दुखणे ही एक सूचना असते. बोट भाजले की हात मागे घे, असे ते सांगते. जुन्या दुखण्यात पुष्कळदा मूळची इजा भरून आलेली असते, पण मज्जातंतू आणि मेंदू यांची जागृती ओसरलेली नसते. घरात एकदा चोर येऊन गेला की राखणीचे कुत्रे पुढे कित्येक दिवस पानाच्या सळसळीलाही भुंकते. त्या कुत्र्यास कोणी खोटारडे म्हणत नाही. ते इमानाने भुंकत असते, फक्त चोर नसतो. जुन्या दुखण्याचेही तसेच आहे. वेदना खरीच असते. मात्र ती जेवढी तीव्र, तेवढी आत मोडतोड चालू आहे, असा हिशेब तिथे लागू पडत नाही. हा एक भेद ध्यानात ठेवला म्हणजे पुढचे सारे विवेचन सोपे होईल.

आता अफूकडे वळू. अफूची आणि आपली ओळख जुनी आहे. इंग्रजी अमदानीत सरकारी मक्त्याची अफू परवानाधारक दुकानांतून उघड विकली जात असे. खोकला, हगवण, अंगदुखी यांवर ती घरगुती औषध म्हणून घेतली जाई. गिरणीत कामाला जाणाऱ्या आया तान्ह्या मुलाने दिवसभर निजून राहावे म्हणून त्यास अफूची बाळगोळी देत असत. यात दुष्टपणा नव्हता. मूल सांभाळावयास कोणी नव्हते आणि पोट तर भरावयाचे होते. १९५९ सालापासून वैद्यकीय कारणाखेरीज अफू खाण्यासाठी विकणे आपल्या देशात बंद झाले. पुढे १९८० नंतरच्या दशकात मुंबई-पुण्याच्या गल्ल्यांत गर्द आला. गर्द म्हणजे अशुद्ध हेरॉईन. हे हेरॉईनही मुळात औषध म्हणूनच जन्मास आले. जर्मनीच्या बायर कंपनीने १८९८ साली ते खोकल्यावरचे औषध म्हणून बाजारात आणले होते. वेदना शमविणारे प्रत्येक नवे अफूवर्गीय औषध पूर्वीच्यापेक्षा निर्धोक आहे, असे सांगत आले, आणि थोड्याच वर्षांत ते म्हणणे मागे घ्यावे लागले, असा हा इतिहास आहे.

आज ही सामग्री गोळीच्या आणि खोकल्याच्या बाटलीच्या रूपात घरात शिरते. ट्रामाडोल, कोडीन, टॅपेंटाडोल ही नावे आपल्यापैकी अनेकांनी औषधाच्या पाकिटावर वाचली असतील. ट्रामाडोल तर २०१८ साली सरकारला अमली पदार्थांच्या कायद्याखाली आणावे लागले. शस्त्रक्रियेनंतर वा अपघातानंतर थोडे दिवस, डॉक्टरांच्या देखरेखीखाली ही औषधे घेण्यात काही गैर नाही. कॅन्सरच्या असह्य वेदनेत तर मॉर्फिन हे वरदान आहे. १९८५ च्या कायद्यातील कडक कलमांमुळे ते गरजू रोग्यांनाच मिळेनासे झाले होते आणि २०१४ साली कायदा दुरुस्त करून ती वाट थोडी मोकळी करावी लागली. तेव्हा औषधाला शिव्या देण्याचा आमचा हेतू नाही. तंटा आहे तो कंबरदुखी-गुडघेदुखीसाठी ही औषधे महिनोन् महिने घेण्याविषयी.

असे कसे होते पाहा. गोळीने पहिल्या दिवशी आराम पडतो. काही आठवड्यांनी शरीराला तिची सवय होते आणि तेवढ्याच आरामासाठी दोन लागतात. मग एखादे दिवशी गोळी चुकली की अंग ठणकते, नाक गळते, पोट बिघडते, झोप उडते. माणसाला वाटते, आपले जुने दुखणेच वाढले. प्रत्यक्षात तो गोळीच्या अभावाचा ठणका असतो. याहून विलक्षण गोष्ट अशी की, दीर्घकाळ ही औषधे घेतली असता काही माणसांत वेदनेची जाणीवच अधिक तीक्ष्ण होते. आग विझविण्यासाठी आणलेल्या घागरीत थोडे रॉकेल मिसळलेले असावे, तसला हा प्रकार. अमेरिकेत २४० रोग्यांवर वर्षभर केलेला एक प्रयोग २०१८ साली प्रसिद्ध झाला. जुनी पाठदुखी आणि गुडघा-खुब्याची झीज यांवर अफूवर्गीय औषधे साध्या वेदनाशामकांपेक्षा सरस ठरली नाहीत, असा त्याचा निष्कर्ष आहे. ऑस्ट्रेलियात ३४७ रोग्यांवर झालेल्या दुसऱ्या प्रयोगात, ताज्या कंबर-मानदुखीवरसुद्धा असले औषध आणि निव्वळ साखरेसारखी निष्क्रिय गोळी यांत फरक पडला नाही, असे २०२३ साली दिसून आले. ज्यासाठी माणूस एवढी किंमत मोजतो, ती वस्तू त्याला मिळतच नाही, हे या व्यवहारातले मोठे दुःख होय.

‘व्यसन’ हा शब्द आपण आज निंदेने उच्चारतो. संस्कृतात त्याचा एक अर्थ संकट असा आहे. व्यसनात सापडलेला म्हणजे संकटात सापडलेला. आमच्या मते हा जुना अर्थ आपण पुन्हा चलनात आणावा, कारण संकटात सापडलेल्या माणसाला आपण ‘तुझी तू भोग’ असे म्हणत नाही. महाराष्ट्रात ही दृष्टी रुजविण्याचे मोठे काम पुण्याच्या मुक्तांगण संस्थेने केले. डॉ. अनिता अवचट आणि डॉ. अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या साहाय्याने १९८६ साली ती संस्था उभी केली, तेव्हा पुण्यात गर्दने तरुण पोरे गिळावयास आरंभ केला होता. व्यसनी माणूस हा रोगी आहे, त्याला माणसासारखे वागवा, आणि त्याच्या घरच्यांनाही उपचारांत घ्या, ही शिकवण तिथून सर्वदूर पसरली.

अफूवर्गीय व्यसनावर आज चांगली औषधे आहेत. ब्युप्रेनॉर्फिन नावाची गोळी जिभेखाली ठेवतात. मेथॅडोन पातळ स्वरूपात पाजतात. यावर आमचे काही मित्र आक्षेप घेतात की, ही तर एक नशा सोडून दुसरी धरणे झाले. हा आक्षेप वरवर बिनतोड दिसतो. पण मधुमेही इन्सुलिन घेतो तेव्हा त्यास कोणी व्यसनी म्हणत नाही. ही औषधे नेमक्या मात्रेत, देखरेखीखाली दिली जातात. त्यांनी तलफ थांबते, माणूस कामावर जाऊ लागतो, आणि मुख्य म्हणजे तो जिवंत राहतो. अनेक देशांतील अनुभव एकत्र करून २०१७ साली हिशेब मांडण्यात आला, तेव्हा उपचार चालू असलेल्यांतील मृत्यूचे प्रमाण उपचार सोडलेल्यांच्या निम्म्याहूनही कमी आढळले. उपचार अर्ध्यावर सोडणारा माणूस मोठ्या धोक्यात असतो. मधल्या काळात शरीराची सवय गेलेली असते; तो जुनीच मात्रा घेतो, आणि श्वास मंदावून दगावतो.

मग एवढी चांगली औषधे असता माणूस उपचार सोडतो कशाला? त्याची कारणे अनेक आहेत, पण त्यांतल्या एकाकडे फार दुर्लक्ष होते. ते कारण म्हणजे त्याची कंबर दुखत असते! न्यूयॉर्कमध्ये मेथॅडोन घेणाऱ्यांची पाहणी २००३ साली प्रसिद्ध झाली. तीत शेकडा ३७ लोकांना तीव्र आणि जुनी वेदना होती. म्हणजे दर तिघांत एकाहून अधिक. असा माणूस व्यसनमुक्तीच्या दारात येतो, तेव्हा तिथे त्याला सांगतात की दुखण्याचे नंतर पाहू. आणि हाडांच्या डॉक्टरकडे जातो, तेव्हा तिथे त्याच्याकडे संशयाने पाहतात की हा गोळ्या मागावयास आला. दोन दारांच्या मध्ये तो उभा राहतो, आणि तिसरे दार, जिथून पुडी मिळते, ते मात्र अष्टौप्रहर उघडे असते. म्हणून आमचे आग्रहाचे सांगणे आहे की, व्यसनाच्या डॉक्टरला आपले दुखणे सांगा. ब्युप्रेनॉर्फिनची एका दिवसाची मात्रा दोन-तीन वेळांत वाटून दिली तर तिचा वेदनेवरही चांगला उपयोग होतो, कारण तलफेवर तिचा अंमल दिवसभर टिकला तरी वेदनेवर तो सहा ते आठ तासच टिकतो. हे डॉक्टरला करता येते. पण आधी त्याला कळले पाहिजे.

आणि इथेच चालण्याचा प्रश्न येतो. दुखते म्हणून माणूस आडवा होतो. घरचेही मायेने म्हणतात, “अहो, उठू नका, पडून राहा.” आठ दिवस पडून राहिल्यावर स्नायू शिथिल होतात. मग थोडे उठले तरी अधिक दुखते. अधिक दुखले म्हणून भीती बसते, आणि भीतीपोटी माणूस आणखी पडून राहतो. दिवसा पडल्याने रात्री झोप लागत नाही, आणि रिकाम्या, जागत्या रात्रीत तलफेचे फावते. चालण्याने हे चक्र उलटे फिरू लागते. स्नायूंना बळ येते, सांधे मोकळे होतात, झोप सुधारते, मन हलके होते. अफूवर्गीय औषधांचा नेहमीचा त्रास म्हणजे बद्धकोष्ठ, त्यालाही उतार पडतो. शास्त्रज्ञांनी १९७५ साली दाखवून दिले की, मेंदू स्वतःच अफूसारखी वेदनाशामक द्रव्ये तयार करतो. शरीराच्या हालचालीने अशा अंगच्या सामग्रीस चालना मिळते. बाहेरची अफू दीर्घकाळ घेतलेल्या शरीरात ही घरची व्यवस्था सुस्तावलेली असते. तिला पुन्हा कामास लावणे हा उपचाराचा एक भाग आहे. सर्वांत मोठा लाभ मनाचा आहे. काल आपण अमुक इतके चाललो आणि आपले काही मोडले नाही, असा अनुभव पदरी पडला की ते भुंकणारे कुत्रे हळूहळू शांत होते.

याला आधार काय, असे कोणी विचारील. ऑस्ट्रेलियात कंबरदुखीतून नुकत्याच बऱ्या झालेल्या ७०१ माणसांवर एक प्रयोग झाला. तो २०२४ साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांना टप्प्याटप्प्याने वाढणारा चालण्याचा कार्यक्रम आणि दुखण्याविषयी समज दिली. उरलेल्यांना काहीच दिले नाही. काहीच न मिळालेल्यांत दुखणे पुन्हा उद्भवण्यास मध्यमानाने ११२ दिवस लागले, तर चालणाऱ्यांत २०८ दिवस. या लोकांना व्यसन नव्हते, हे आम्ही स्पष्ट करतो. व्यसनमुक्तीचे उपचार घेणाऱ्यांवरचे असे प्रयोग अद्याप लहान आणि थोडे आहेत. तेव्हा चालल्याने व्यसन सुटते, असे आम्ही मुळीच म्हणत नाही, आणि कोणी म्हटले तर विश्वास ठेवू नका. व्यसनावर औषध, समुपदेशन आणि डॉक्टर हेच मुख्य. चालण्याने दुखण्याची बाजू सावरली जाते आणि माणसास उपचारांत टिकून राहण्याचे बळ मिळते, एवढेच आमचे म्हणणे. आणि ते थोडे नाही.

चालण्याची गोष्ट निघाली असता पेण तालुक्यातील गागोद्याची आठवण होणे क्रमप्राप्तच आहे. विनोबांचा जन्म तिथे १८९५ साली झाला. १९५१ च्या एप्रिलात तेलंगणातील पोचमपल्लीस त्यांना भूदानाची पहिली जमीन मिळाली. तेव्हा ते पंचावन्न वर्षांचे होते आणि पोटाच्या व्रणाचे जुने दुखणे त्यांना जडलेले होते. पुढे सुमारे तेरा वर्षे ते देशभर पायी हिंडले. भूदानाच्या फलनिष्पत्तीविषयी मतभेद आहेत आणि त्यांत शिरण्याचे आज कारण नाही. आम्हांस त्यांच्या चालण्याची रीत तेवढी ध्यानात घ्यावयाची आहे. पहाटे निघावयाचे, ठरलेला मुक्काम गाठावयाचा, दुसऱ्या दिवशी पुन्हा निघावयाचे. अंगात बळ आहे म्हणून एके दिवशी दुप्पट मजल मारली आणि मग चार दिवस पडून राहिले, असे नाही. सातत्य आणि माप, ही दोनच तत्त्वे. आमच्या दुखणाईत माणसाने हीच दोन उचलावीत.

आता प्रत्यक्ष रीत सांगतो. प्रथम आपण बऱ्या दिवशी किती मिनिटे चालू शकतो आणि वाईट दिवशी किती, हे तीन-चार दिवस पाहावे. वाईट दिवसाचे माप खरे मानावे. समजा, वाईट दिवशी दहा मिनिटे चालता येते. तर आरंभ आठ मिनिटांनी करावा. मग हे आठ मिनिटांचे माप रोज पाळावे. आज बरे वाटते म्हणून वीस करू नयेत, कारण ‘अति तेथे माती’ हा न्याय इथे तंतोतंत लागू पडतो. आणि आज ठणका आहे म्हणून शून्यही करू नये, फार तर निम्मे करावे. दर आठवड्यास मिनिट-दोन मिनिटे वाढवावीत. सहा महिन्यांत आठवड्यातून पाच दिवस, प्रत्येकी अर्धा तास, एवढे साधले तरी पुष्कळ झाले. बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही, अशी चाल असावी. घरात एक वही ठेवावी आणि तीत रोज किती मिनिटे चाललो ते लिहावे. किती दुखले ते लिहू नये, कारण ज्याची नोंद ठेवावी तिकडे मन लागते. थोडक्यात, घड्याळ पाहून चालावे. दुखणे पाहून चालू नये. रोज दहा हजार पावले झालीच पाहिजेत, असा एक समज आहे. तो १९६५ च्या सुमारास जपानात पावले मोजण्याचे यंत्र विकताना रूढ झालेला आकडा आहे. तो कोणी उराशी धरून बसू नये.

काही सावधगिरीच्या गोष्टी आहेत. व्यसन तोडण्याचे पहिले काही दिवस अंगात ताप, जुलाब, थरथर असते. तेव्हा विश्रांतीच हवी. औषधाची मात्रा नवी असता गुंगी येऊ शकते; तेव्हा एकट्याने दूर जाऊ नये. पायांतील शक्ती एकाएकी गेली, लघवी-शौचावरचा ताबा सुटला, मांड्यांच्या आतील बाजूस बधिरता आली, पाठदुखीबरोबर ताप आला, वजन विनाकारण घटू लागले, तर चालणे थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. सुई टोचून नशा करणाऱ्यास पाठदुखी आणि ताप एकदम आले, तर मणक्यात पू झाल्याचा संभव असतो. तिथे एका रात्रीचाही विलंब नको.

वाट कोणती धरावी, हाही विचार करावा लागतो. आपल्याकडे वैशाखात सकाळी नऊनंतर घामाच्या धारा लागतात. म्हणून पहाटे किंवा दिवेलागणीच्या सुमारास निघावे आणि पाणी बरोबर घ्यावे. रोहेकरांना कुंडलिकेचा काठ आहे, पूल ओलांडून अष्टमीपर्यंत जाऊन येता येते. पेणकरांना भोगावतीचा काठ आणि गावातल्या आळ्या आहेत. महामार्गाच्या कडेने चालण्यात मात्र जिवास धोका आहे. ती वाट टाळावी. आषाढ-श्रावणात सांगून पाऊस येतो. तेव्हा देवळाचा सभामंडप, शाळेचा व्हरांडा, घरची ओटी-पडवी यांत फेऱ्या घालाव्यात. खंड पडू देऊ नये. आणि एक गोष्ट विशेष महत्त्वाची. ज्या कोपऱ्यावर पूर्वी माल मिळे, ज्या टपरीवर ते मित्र बसत, ती वाट सोडावी. जुनी जागा दिसली की जुनी तलफ जागी होते, याचा अनुभव प्रत्येक व्यसनी माणूस सांगेल. नवी वाट धरा, हे वचन इथे अक्षरशः घ्यावयाचे. ज्या वेळी तलफ अनावर होते, बहुधा संध्याकाळी, नेमकी तीच वेळ चालण्यासाठी राखून ठेवावी.

शेवटचा मुद्दा गावाविषयी आहे आणि तो आम्हांस सर्वांत निकडीचा वाटतो. पंढरीचा वारकरी आळंदीहून अडीचशे किलोमीटरांच्या आसपास चालून जातो. त्यांत सत्तरीची माणसे असतात, गुडघे दुखणारी असतात. त्यांना एकट्याने चालावयास सांगितले तर दुसऱ्या मुक्कामावर परततील. दिंडीत ते चालतात, कारण मागे-पुढे माणूस असतो. पाय दुखला तर कोणी चेपून देतो आणि पहाटे कोणी हाक मारतो. ही दिंडी आपल्या गावातही आहे. रोज सकाळी फिरावयास निघणारी आपली मंडळी, निवृत्त शिक्षक, दुकानदार, बँकेतले लोक, चार-चार सहा-सहांच्या टोळक्यांनी जाताना आम्ही पाहतो. त्या टोळक्यात व्यसनातून उठू पाहणाऱ्या एका माणसाला जागा आहे काय, हा आमचा प्रश्न आहे. त्याला उपदेश नको. ‘सोडलीस ना रे?’ असे रोज विचारणेही नको. सकाळी सहाला दारापुढे थांबून “चल, दादा” एवढी हाक पुरे. तो आठच मिनिटे चालणार असेल तर आपण त्याच्याबरोबर आठ मिनिटे चालावे, मग पुढे जावे. यात आपला खर्च काय होतो? थोडा वेळ, आणि लोक काय म्हणतील ही थोडी धास्ती. ही धास्ती आपण सोडली नाही, तर त्याने गोळी सोडावी असे सांगण्याचा अधिकार आपल्याला पोचत नाही.

औषधविक्रेत्या बंधूंना आमची विनंती आहे की, चिठ्ठीवाचून ही औषधे देऊ नयेत. आणि कोणी वारंवार मागावयास आला तर त्यास हुसकावून न लावता उपचारांचा पत्ता सांगावा. घरच्या मंडळींस विनंती आहे की, दुखण्यावर विश्वास ठेवा आणि उठून चालण्याचाही आग्रह धरा. दोन्ही एकदम करता येते. नगरपालिकेस विनंती आहे की, नदीकाठी सपाट, उजेडाची, बसावयास बाके असलेली वाट असू द्यावी. दुखणाइताला दर शंभर पावलांवर बाक दिसले म्हणजे तो घराबाहेर पडण्यास धजतो. ज्यांना डॉक्टरांकडे जाण्याचा संकोच वाटतो, त्यांच्यासाठी सरकारचे दोन विनामूल्य दूरध्वनी आहेत. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मनःस्वास्थ्यासाठी १४४१६. हे आकडे कृपा करून घरी जाऊन लिहून ठेवावेत. आपल्याला नसले तरी शेजारच्या दाराला लागतील.

व्याख्यान संपल्यावर आपण सर्व घरोघर चालत जाल. आपल्या आळीत असे एखादे दार असेल, ज्याच्या आत कोणी महिनोन् महिने पडून आहे आणि ज्याच्याविषयी गावात कुजबूज आहे. ते दार आपणांस ठाऊक आहे. उद्या सकाळी फिरावयास निघाल तेव्हा तिथे क्षणभर थांबून हाक मारा. आमच्या दीड घटकेच्या बोलण्यातून एवढे एक कृत्य निपजले, तरी या व्यासपीठाचे चीज झाले असे आम्ही समजू.